दारूचा गुत्ता

दारूचा गुत्ता : परवान्यावर दारूची किरकोळ विक्री होते व बहुधा तेथेच ती प्यायली जाते, अशी जागा. ‘गुत्ता’ हा शब्द दक्षिणेकडील द्राविड भाषांतून मराठीत आला असून त्याचा अर्थ मक्ता किंवा ठेका असा आहे. मराठवाड्यात ठेकेदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारू विकण्याचा मक्ता ज्याने घेतला त्याचे दुकान ते दारूच्या गुत्त्याचे दुकान. पुढे ‘दुकान’ हा शब्द गळून पडला आणि मक्त्याचे नाव जागेला चिकटले. हा शब्दार्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण गुत्त्याची भरभराट आणि पडझड त्याच्या गिऱ्हाइकांपेक्षा मक्ता देणाऱ्या सरकारनेच अधिक ठरविलेली आहे. प्रस्तुत नोंदीत हा प्रवास वऱ्हाडाच्या, मुख्यत्वे बुलढाणा जिल्ह्याच्या अनुषंगाने दिला आहे.

इंग्लंडमधील ‘पब’ म्हणजे सार्वजनिक मद्यगृह. त्याच्याशी गुत्त्याची तुलना नेहमी केली जाते. ती अर्धीच खरी आहे. दोन्ही ठिकाणी परवाना लागतो आणि दोन्हींचे भवितव्य कायद्याने अनेकदा पालटले. १८३० च्या बिअरगृह कायद्यामुळे दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्यास बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि इंग्लंडच्या शहरांत गल्लोगल्ली बिअरगृहे निघाली. १८६९ मध्ये ती पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आली. पहिल्या महायुद्धात कार्लाइल या शहरी व त्याच्या परिसरात सरकारने मद्यनिर्मितीचे कारखाने आणि मद्यगृहे विकतच घेतली (१९१६). जवळच ग्रेटना येथे दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता आणि तेथील कामगारांचे मद्यपान हा युद्धकालीन प्रश्न होऊन बसला होता. या सरकारी मद्यगृहांचे व्यवस्थापक पगारी होते. दारू जास्त खपली म्हणून त्यांना काही मिळत नसे. तेथे जेवण मिळे, बसावयास जागा असे. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. इंग्लंडमधील मद्यगृहांची अलीकडील घसरण वेगळ्या कारणांनी झाली : घरी नेऊन पिण्याची स्वस्त दारू, २००७ ची धूम्रपानबंदी, जागांच्या वाढत्या किमती आणि करांचा भार. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमारास सुमारे ६०,००० मद्यगृहे होती. ती २०२३ पर्यंत सुमारे ४५,००० वर आली. तेथे एखादे जुने मद्यगृह बंद पडू लागले की वस्तीतील लोक ते वाचविण्यासाठी वर्गणी काढतात. वऱ्हाडात वर्गणी निघाली, तर ती गुत्ता बंद करण्याच्या अर्जासाठी निघते. हा फरक स्वभावाचा नसून इतिहासाचा आहे.

ब्रिटिशपूर्व काळ : बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याची रांग आहे. तेथे मोहाची झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी, साखरेचे प्रमाण भरपूर असलेली मोहाची फुले वेचून वाळवितात, काही दिवस पाण्यात आंबवितात आणि मडक्यात उकळून निघणारी वाफ दुसऱ्या भांड्यात थंड करून दारू पाडतात. प्रथम पडणारी दारू सर्वांत तीव्र असते. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार तेथूनच सबंध मराठीत पसरला. कोरकू व इतर आदिवासींत जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांत या दारूला स्थान आहे. ती विकत घेण्याची नव्हे, तर घरी करण्याची वस्तू होती. मैदानी भागात मोहाच्या जोडीला शिंदीच्या झाडाचा रस पिण्यात होता. दारू पाडून विकणे हा कलाल किंवा कलार या जातीचा परंपरागत व्यवसाय असल्याने विक्रीच्या जागेस कलाली असेही म्हणत. निजामाच्या अमलात त्यावरील कराची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि ती वसूल करण्याची त्याला मोकळीक असे.

ब्रिटिश अंमल : १८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ असून १८७० मध्येच ती जलंब येथून लोहमार्गाच्या फाट्याने जोडली गेली होती. कापसाबरोबर रोख पैसा आला आणि रोख पैशाबरोबर अबकारीचे उत्पन्न वाढले.

आरंभीच्या पद्धतीत एका ठिकाणी भट्टी लावण्याचा आणि तेथेच दारू विकण्याचा एकत्रित हक्क लिलावाने दिला जाई. या पद्धतीत दारू किती पाडली आणि किती तीव्र पाडली यावर कोणाचाच ताबा नव्हता. म्हणून हळूहळू मध्यवर्ती भट्टीची पद्धत आली : दारू एका ठिकाणी सरकारी देखरेखीखाली तयार व्हावी, तिच्या तीव्रतेनुसार शुल्क घ्यावे आणि दुकानदाराने केवळ ती विकावी. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने या पद्धतीचा पुरस्कार केला. दुकानांची संख्या कमी करावी आणि शहरांत दुकानांच्या जागांबाबत स्थानिक सल्ला घ्यावा, असेही तिचे मत होते. तथापि दुकानाचा हक्क बहुतेक ठिकाणी लिलावानेच दिला जात राहिला. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल असे सरकारचे घोषित सूत्र होते. प्रत्यक्षात लिलावात बोली चढवून दुकान घेतलेल्या माणसाला वर्षभरात आपली रक्कम आणि नफा भरून काढावयाचा असे. खप कमी ठेवण्यात त्याला काडीचेही स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. कार्लाइलच्या पगारी व्यवस्थापकाच्या नेमकी उलट अशी ही रचना होती आणि दोन्ही रचना एकाच साम्राज्यात, काही काळ एकाच वेळी चालू होत्या.

या पद्धतीचा दुसरा परिणाम दूरगामी ठरला. दुकानदाराने लिलावात मोजलेल्या रकमेला अर्थ राहावा, यासाठी दुकानाबाहेर पडणारी दारू अवैध ठरविणे भाग होते. त्यामुळे सातपुड्यातील घरगुती दारू हा गुन्हा झाला. ‘चोरटी दारू’ ही कल्पना दारूबंदीने निर्माण केलेली नाही, ती मक्त्याने निर्माण केली. मध्य प्रांताच्या १९१५ च्या अबकारी अधिनियमाने या सर्व व्यवस्थेला पक्के कायदेशीर रूप दिले. प्रांतिक उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखालच्या प्रमुख बाबींत अबकारीची गणना होऊ लागली.

गुत्त्याचे स्वरूप : जुना गुत्ता म्हणजे गावकुसाबाहेर किंवा बाजाराच्या टोकाला असलेले कुडाचे, पुढे टिनाचे छप्पर. आत दारूची पिंपे, मापे आणि मातीचे किंवा काचेचे पेले. बाहेर खारे दाणे, फुटाणे, भजी आणि उकडलेली अंडी विकणारा एखादा माणूस. बसण्यासाठी फळी असेलच असे नाही. आठवडी बाजाराचा दिवस हा त्याच्या कमाईचा दिवस, कारण शेतमजुरांची मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशी चुकती होई. वर्षाचे गणितही शेतीशी बांधलेले असे. पेरणीच्या काळात हात रिकामे असत; दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की विक्री वाढे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला वऱ्हाडात ‘कर’ म्हणतात, मांसाहाराबरोबर दारू पिण्याची चाल अनेक जातींत होती व आहे.

इंग्लंडमधील मद्यगृह ज्या कामांसाठी उपयोगी पडते, ती वऱ्हाडी खेड्यात निरनिराळ्या जागांत वाटलेली आहेत. गप्पा पारावर होतात, तंटे चावडीवर मिटतात, भजन देवळात चालते. दुपारचा वेळ चहाच्या हॉटेलात आणि पानठेल्यावर जातो. शेगावची कचोरी ज्या उपाहारगृह-संस्कृतीतून प्रसिद्धीस आली, तीही चहाभोवतीचीच आहे. गुत्त्याला यातले कोणतेच काम मिळाले नाही. त्याच्याकडे उरले ते फक्त पिणे. शिवाय स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. सवर्ण शेतकरी पीत असला तरी गुत्त्यावर बसत नसे, माणूस पाठवून बाटली मागवीत असे. उघड्यावर पिणारा तो दलित, आदिवासी किंवा भूमिहीन मजूर असे आणि बदनामीही त्याचीच होई. वऱ्हाडातील दारूविषयीच्या जुन्या लिखाणात मजुरांच्या व्यसनाचे वर्णन विपुल आणि मालकांच्या व्यसनाचे अल्प आढळते, याचे एक कारण हे आहे.

विरोध : वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य होते. दारू सोडण्याचा हा समाजमान्य मार्ग जुना असून शेगाव व पंढरपूर यांच्या भक्तिपरंपरेमुळे तो जिल्ह्यात रुजलेला आहे. आधुनिक काळात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांच्या वाढीबद्दल लेखी तक्रार केली होती. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात १९०८ मध्ये दुकानांवर निरोधने झाली. असहकाराच्या चळवळीत (१९२०–२२) मध्य प्रांतात दुकानांबरोबरच दुकानांच्या लिलावांवरही बहिष्कार घालण्यात आला. सरकारचे उत्पन्न नेमके कोठे ठरते, हे कार्यकर्त्यांनी ओळखले होते. १९३० मध्ये महात्मा गांधींनी दुकानांवरील निरोधनाचे काम विशेषतः स्त्रियांवर सोपविले. वऱ्हाडचेच असलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी कीर्तन व भजनांतून हा विषय खेड्यापाड्यांत नेला. गाडगेबाबांच्या कीर्तनात दारू हा कर्ज आणि अस्वच्छता यांच्याबरोबरीचा विषय असे. पिणाऱ्याला शिव्याशाप देण्यापेक्षा त्याच्या घराचा हिशेब त्यालाच मांडायला लावण्याची त्यांची रीत होती.

दारूबंदीचे पर्व : १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ चा दारूबंदी अधिनियम झाला आणि प्रांताच्या काही भागांत बंदी लागू झाली. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आपला व्यापक अधिनियम केला. राज्याने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार अधिनियमाने मुंबईचा दारूबंदी कायदा सबंध राज्याला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यालाही, लागू झाला.

कायदेशीर गुत्ता असा काही वर्षे नाहीसा झाला. पिणे मात्र नाहीसे झाले नाही. त्याची जागा हातभट्टीने घेतली. काळा गूळ आणि नवसागर यांपासून ओढ्याकाठी, ज्वारीच्या किंवा तुरीच्या शेतात ही दारू पाडली जाई. भट्टी आज येथे तर उद्या तेथे. दुकानाला निदान पत्ता होता. हातभट्टी मात्र घरात शिरली, कारण विकणाऱ्यांत अनेकदा आधाराचे दुसरे साधन नसलेल्या विधवा व परित्यक्ता स्त्रिया असत. हातभट्टीच्या दारूचा सर्वांत मोठा धोका भेसळीचा आहे. स्वस्तात तीव्रता आणण्यासाठी मिसळले जाणारे मिथेनॉल शरीरात फॉर्मिक अम्लात रूपांतरित होते. त्याने दृष्टी जाते व मृत्यूही येतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

परवाना हीच मालमत्ता : १९६० नंतरच्या दशकात राज्याचे धोरण सैल होत गेले आणि महाराष्ट्र देशी दारू नियम, १९७३ अन्वये गुत्ता नव्या रूपात परतला. आता पाटी आली : ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’. दारूही बदलली. मोहाची जागा साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काने घेतली आणि संत्रा, मोसंबी, बडीशेप अशा स्वादांच्या मोहोरबंद बाटल्या आल्या. पश्चिम महाराष्ट्रातील उसाची मळी वऱ्हाडी मजुराच्या पेल्यात आली, तर सातपुड्यातील मोहफूल निर्बंधांत अडकून राहिले. मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरील निर्बंध राज्याने २०२१ मध्ये शिथिल केले.

मूळ अधिनियम मात्र रद्द झाला नाही. कागदोपत्री महाराष्ट्र आजही दारूबंदी कायद्याखालील राज्य आहे. पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव असतो आणि देशी दारूचा एक दिवसाचा परवाना दोन रुपयांना मिळतो. बिअरसाठी २१ वर्षे व तीव्र मद्यांसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. देशी दारूच्या दुकानात परवाना कोणी विचारीत नाही आणि कोणी दाखवीत नाही, हे सर्वज्ञात आहे.

या व्यवस्थेतील कळीची गोष्ट वेगळीच आहे. १९७० नंतरच्या दशकापासून देशी दारूच्या व विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने राज्याने सामान्यतः दिलेले नाहीत. खप वाढत गेला, लोकसंख्या वाढत गेली, परवाने तेवढेच राहिले. साहजिकच परवाना ही जमिनीसारखी मालमत्ता बनली : ती वारशाने जाते, भागीदारी दाखवून हस्तांतरित होते आणि शासकीय संमतीने एका गावातून दुसऱ्या गावी हलविता येते. पूर्वी लिलावात दरवर्षी नवा माणूस येण्याची शक्यता होती. आता तीही उरली नाही. दुर्मीळतेने आलेली ही किंमत सरकारी तिजोरीत न जाता धारकाकडे राहते. शिवाय ज्या खेड्यात विक्री मंदावली किंवा विरोध झाला, तेथील दुकान बंद होते ते नष्ट होण्यासाठी नव्हे, तर महामार्गालगतच्या अथवा वाढत्या शहरातील जागी उघडण्यासाठी. दुकानांची संख्या न वाढता त्यांचे भौगोलिक वाटप बदलत गेले, ते या मार्गाने.

परमिट रूम आणि धाबा : विदेशी पद्धतीचे मद्य बसून पिण्याच्या जागेस ‘परमिट रूम’ हे नाव दारूबंदीच्या काळातील परमिटवरून पडले आणि बंदी सैल झाल्यावरही टिकले. मुंबई–नागपूर महामार्गावरील मलकापूर, नांदुरा व खामगाव, तसेच चिखली, मेहकर आणि बुलढाणा या गावांत परमिट रूम, बिअर बार व धाबे वाढले. नोकरदार, व्यापारी, ठेकेदार व राजकीय कार्यकर्ते हे त्यांचे गिऱ्हाईक. गुत्त्याला कधी न लाभलेली प्रतिष्ठा परमिट रूमला काही अंशी मिळाली. ‘फॅमिली गार्डन’ अशी पाटी आली आणि निवडणुकीच्या दिवसांत बैठकांची जागा म्हणूनही तिचा उपयोग होऊ लागला. इंग्लंडमधील मद्यगृहाशी काही साम्य शोधावयाचे तर ते येथे सापडते. देशी दारूच्या दुकानात मात्र खिडकीतून बाटली घेऊन बाजूच्या पडवीत उभ्याने पिणे हीच रीत राहिली.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू या प्रकरणात राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री करण्यास मनाई केली आणि चालू परवाने ३१ मार्च २०१७ नंतर पुढे चालू ठेवू नयेत, असा आदेश दिला. ज्या जिल्ह्यातील मोठी गावे महामार्गावरच वसली आहेत, तेथे याचा अर्थ दुकानांचा मोठा भाग एका रात्रीत बंद होणे असा होता. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. ११ जुलै २०१७ रोजी महापालिका व नगरपालिका हद्दींतील दुकानांना आदेश बाधक नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले आणि २३ फेब्रुवारी २०१८ रोजी शहरीकरण झालेल्या ग्रामपंचायत क्षेत्रांबाबतचा निर्णय राज्यांवर सोपविला. या सव्वा वर्षात काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच बदलून पाहिला. काही दुकानदारांनी दार मागील बाजूस काढून चालण्याचे अंतर वाढविले. अपघात रोखण्यासाठी दिलेला हा आदेश शेवटी मुख्यतः गावाबाहेरील धाब्यांपुरता उरला.

आडवी बाटली : २५ मार्च २००८ च्या शासन आदेशाने गावातील किंवा नगरपालिकेच्या प्रभागातील दुकान मतदानाने बंद करण्याचा मार्ग खुला केला. एकूण महिला मतदारांपैकी अथवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के व्यक्तींनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात : दुकान चालू राहावे यासाठी उभी बाटली आणि बंद व्हावे यासाठी आडवी बाटली. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही समजेल अशी ही योजना आहे आणि ‘बाटली आडवी करणे’ हा शब्दप्रयोग तीतून मराठीत रूढ झाला. बुलढाणा जिल्ह्यातही स्त्रियांनी या मार्गाचा आणि त्याहीपूर्वीपासून चालत आलेल्या मोर्चे, कुलूप लावणे व ठराव या मार्गांचा अवलंब केला आहे.

या नियमातील अडचण त्याच्या गणितात आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. एखाद्या गावाच्या यादीत १,२०० स्त्रिया असतील, तर ६०१ मते हवीत. त्यांतील ८०० स्त्रियांनी मतदान केले आणि ५९० जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, म्हणजे दर चार मतांपैकी जवळजवळ तीन विरोधात पडली, तरी दुकान चालूच राहते. जी घरी राहिली तिचे मत उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. मृत स्त्रियांची नावे, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे आणि ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची नावे यादीत तशीच असतात. आमदार किंवा सरपंच निवडताना ही अट नाही. मतदानाच्या आदल्या दिवसांत पैसे, साड्या व धाक यांचा वापर होत असल्याच्या तक्रारी सर्वत्र आढळतात. पण याहून परिणामकारक उपाय स्त्रियांना घराबाहेर पडू न देणे हा आहे आणि त्यासाठी दुकानदाराला स्वतः काही करावे लागत नाही.

मतदान जिंकल्यानंतरचा प्रश्नही सोपा नाही. वर सांगितल्याप्रमाणे परवाना मालमत्ता म्हणून जिवंत राहतो आणि अन्यत्र स्थलांतर मागतो. बंद झालेल्या गावात शेजारच्या बाजारगावातून दुचाकीवर आणलेल्या बाटल्या जादा दराने घराघरांतून आणि पानठेल्यांवर विकल्या जातात. अशा विक्रीची माहिती देऊन कारवाई घडवून आणण्यासाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलांची तरतूद करण्यात आली. या दलांना अटकेचा अधिकार नाही. माहिती देणारी माणसे त्याच गावात राहतात आणि विकणाराही तेथेच राहतो.

शेतकरी आत्महत्या आणि दारू : २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदतयोजनेत पश्चिम विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश होता, त्यांत बुलढाणा एक होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर शासकीय मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविले जाते. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा ही पात्रतेची कारणे मानली जातात. आत्महत्या व्यसनामुळे झाली, असा निष्कर्ष निघाल्यास मदत नाकारली जाते. दारू ही कर्जाचे कारण असते तशी कर्जाची परिणतीही असते आणि एका प्रकरणात या दोहोंची फारकत करणे तलाठ्याच्या पंचनाम्याला शक्य नाही. ज्या दुकानावर सरकारमान्यतेची पाटी आहे, तेथे प्यायल्याची नोंद सरकारी मदत नाकारण्यास पुरी पडते आणि तिचा भार मागे राहिलेल्या स्त्रीवर पडतो. विदर्भातील दारूविरोधी आंदोलनांत शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया मोठ्या संख्येने का येतात, ते यावरून समजते.

जिल्हाव्यापी बंदीची मागणी : विदर्भात वर्धा आणि गडचिरोली (१९९३ पासून) या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. १ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात ती लागू झाल्यावर यवतमाळ आणि बुलढाणा जिल्ह्यांतील स्त्रियांच्या संघटनांनीही तशी मागणी लावून धरली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये राज्य शासनाने उठविली. अवैध व्यापार, बनावट दारू आणि त्यांत स्त्रिया व मुलांचा होणारा वापर ही कारणे देण्यात आली. बंदीच्या समर्थकांनी अंमलबजावणीतील ढिलाईची शिक्षा कायद्याला दिली गेल्याची टीका केली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बुलढाण्याच्या बाबतीत भूगोलही विचारात घ्यावा लागतो. जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागून असून तेथील अबकारीचे दर व धोरण वेगळे आहेत. ब्रिटिश काळातही हा जिल्हा मुंबई इलाख्याचा खानदेश आणि निजामाचे राज्य यांच्या सीमेवर होता. एकट्या जिल्ह्याचा नियम सीमेवर येऊन थांबतो, बाटली थांबत नाही.

अलीकडील बदल : मार्च २०२० च्या टाळेबंदीत सर्व दुकाने बंद झाली, मे महिन्यात ती उघडली तेव्हा राज्याने घरपोच विक्रीलाही मुभा दिली. महसुलाची निकड हे त्याचे उघड कारण होते. या काळापासून बाटली घरी नेऊन पिण्याचे प्रमाण वाढल्याचे परमिट रूमचालक सांगतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले, देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये केले आणि धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार मान्य केला. शुल्कवाढ, परमिट रूममधील विक्रीवरील मूल्यवर्धित कराची वाढ आणि परवाना नूतनीकरणाच्या शुल्कातील वाढ यांविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील परमिट रूमचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. त्या बंदात देशी दारूची दुकाने हा वादाचा विषय नव्हता. विदेशी मद्य महाग झाल्यावर त्याचा गिऱ्हाईक नव्या धान्याधारित मद्याकडे वळेल की देशीच्या खिडकीशी येईल, यावर जिल्ह्यातील दुकानांचे पुढील काही वर्षांचे व्यवहार अवलंबून आहेत.